हवालदाराचं बॅकग्राउंड काढताना

"त्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे," हे वाक्य जगात पहिल्यांदा ज्यानं उच्चारलं त्याला मी शोधते आहे. सापडला तर त्याला मामाच्या गोठ्यात नेऊन हवालदाराच्या मागच्या पायांपाशी बरोबर पाच मिनिटं उभं करणार आहे. गेल्या महिन्यात हेच वाक्य मीही बोलले, हे खरं आहे. पण मी ते रागाच्या भरात बोलले होते, त्यामुळे ते धरायचं नाही.

हवालदार हा बैल आहे. माझे मामा, सुभेदार लालासाहेब, सैन्यातून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांच्या हाताखाली कोणीच उरलं नाही, म्हणून त्यांनी बैलाचं नाव हवालदार ठेवलं, असं मामी म्हणते. मामांचं गाव सातारा जिल्ह्याच्या अगदी शिवेवर आहे. म्हैस चरत चरत जरा पुढं गेली की सांगली जिल्ह्यात जाते. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, विशेष विषय प्रकाशशास्त्र, आणि सध्या पीएच.डी.च्या प्रवेशाची वाट पाहते आहे. 'वाट पाहते आहे' याचा आमच्या नात्यागोत्यात 'रिकामी आहे' असा अर्थ होतो.

शर्यतीच्या छकड्याला दोन बैल लागतात आणि ते एकाच मालकाचे असतील असं नाही. एकाचा एक, दुसऱ्याचा दुसरा, अशी जोडी जमवतात. हवालदाराच्या जोडीला पळायचा पैलवान. तो त्याच गावातल्या दिलावर तांबोळींचा. दिलावरचाचांचा सांगलीच्या बाजारात गुळाचा व्यापार आहे. मामा आणि ते एकाच ताटात जेवणारे दोस्त. मागच्या मैदानात, म्हणजे शर्यतीत, या जोडीनं फायनलला एक नंबर केला आणि बक्षीस म्हणून गदा मिळाली. एकच गदा. ज्या संयोजकाला जोडीत दोन मालक असतात एवढंही सुचलं नाही, त्याच्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही, कारण हे घरात मोठ्यानं वाचलं जाणार आहे.

भोंग्यावर पुकारणाऱ्यानं पैलवानाचं नाव आधी घेतलं. मामांनी गदा उचलून थेट घरी आणली. दिलावरचाचा म्हणाले, सहा महिने तुमच्याकडं ठेवा, सहा महिने आमच्याकडं. मामा म्हणाले, गदा म्हंजी काय बदलीची नोकरी हाय व्हय? झालं. बोलणं बंद, जाणं-येणं बंद, जोडी बंद. मामांनी हवालदाराला दुसऱ्या एका बैलाबरोबर जुंपून पाहिलं. हवालदार थोडा चालला आणि भर रस्त्यात बसला. एसटी अडली तरी उठेना. पैलवानानं तर नव्या जोडीदाराला बघून जूच मोडलं. गावच्या यात्रेचं मैदान तोंडावर आलं होतं आणि गावातले दोन सर्वांत वेगवान बैल गोठ्यात बसून रवंथ करत होते.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? मामांनी फ्लेक्स लावायचं ठरवलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला ते सांगलीला आले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात फोन. आमच्या सोफ्यावर बसून त्यांनी हुकूम सोडला.

"राजे, आमच्या ऋषिराजनं तुला फोटू धाडलाय. त्यातला हवालदार तेवढा ठेव. बाकी समदं काढ. मागली माणसं, गुलाल, मांडव, आन् तो दुसरा."

"पैलवान?"

"नाव घिऊ नगंस."

"मामा, बॅकग्राउंड काढणं वेगळं आणि जोडीतला एक बैल काढणं वेगळं."

"आपल्या दृष्टीनं त्यो बॅकग्राउंडच हाय."

मी फोन बाजूला ठेवला. तेवढ्यानं भागलं असतं. पण मामा आईकडं वळून म्हणाले, "न्हाई जमत वाटतं हिला. एवढी शिकली, म्हटलं येत असंल."

तेव्हा मी ते पाच मिनिटांचं वाक्य बोलले.

आता सॉफ्टवेअर निवडण्याबद्दल. मी शिस्तीत गेले. कोणतंही उपकरण घ्यायचं तर आधी कसोट्या ठरवाव्यात, मग सगळ्यांना एकच नमुना द्यावा आणि निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. माझ्या कसोट्या साध्या होत्या. शिकायला सोपं, फुकट, आणि बैलाला बैल म्हणणारं.

पहिलं एका संकेतस्थळावर होतं. 'एका क्लिकमध्ये', असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. एका क्लिकमध्ये त्यानं दोन्ही बैल पुसले आणि मागं मांडवाच्या खांबाला टेकून पान खाणारा एक अनोळखी गृहस्थ शिल्लक ठेवला. त्याच्या कडा इतक्या सुरेख कापल्या होत्या की मला त्या माणसाचा राग आला. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं बैल ओळखले, पण दोघांचा मिळून एक. आठ पाय, दोन तोंडं, मधे जू. खाली विचारलं होतं, 'निकाल आवडला का?' तिसऱ्यानं शिंगं खाल्ली. मागं वाळलेली बाभूळ होती, तिच्या फांद्या आणि शिंगं त्याला सारखीच वाटली असावीत. बिनशिंगाचा बैल मोठ्या कुत्र्यासारखा दिसत होता. चौथ्यानं काम बऱ्यापैकी केलं आणि मग बैलाच्या पोटावर आडवं आपलं स्वतःचं नाव छापून ठेवलं. ते काढायचं तर वर्षभराचं सदस्यत्व घ्या म्हणे. मी संतापून खिडकी बंद केली, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची. मग खोलीचीही केली, कारण खालून विजयमालाकाकू हाका मारत होत्या.

विजयमालाकाकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि त्यांना वरच्या मजल्यावरचं सगळं ऐकू येतं.

"राजेश्वरी, अगं बैलाच्या मागं पांढरी चादर धरून परत फोटो काढायचा. आमच्या वीरधवलचा पासपोर्टचा तसाच काढला होता."

"काकू, बैल पांढरा आहे."

"मग निळी धर."

"आणि बैलाच्या मागं चादर धरून कोण उभं राहणार?"

यावर काकूंनी वीरधवलला वर पाठवलं. हा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो आणि त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीवर एक ॲप असतं. त्यानं माझ्या फोनवर एक ॲप टाकलं. "दीदी, हे एकदम सोपं. बोटानं नुसतं पुसत जायचं." मी पुसत गेले. प्रत्येक पाय पुसून झाला की गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागायची. चार पाय पुसून झाल्यावर ॲप आपोआप बंद पडलं आणि उघडलं तेव्हा पुसलेला बैल चारही पायांनिशी परत उभा होता.

"त्यात सेव्ह करावं लागतं ना," वीरधवल म्हणाला.

माझ्या चेहऱ्याकडं बघून तो चप्पल हातात घेऊनच जिना उतरला.

शेवटी मी ते करायला घेतलं जे सोपं नव्हतं. संगणकावर उतरवून घ्यायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर, त्यात पेनाचं चिन्ह, आणि त्या पेनानं बैलाच्या कडेकडेनं ठिपके देत जायचं. खांदा सोपा. वशिंड सोपं. शेपटीचा गोंडा म्हणजे छळ. त्यात प्रत्येक केसामागं गुलाल. गुलालाची कड म्हणजे कड नसतेच, ती हळूहळू विरत जाणारी गोष्ट आहे, हे त्या फुकटच्या पेनाला कोण समजावणार?

याच दिवसांत, मामा डोळे दाखवायला दवाखान्यात गेले असताना, दिलावरचाचा आले. बाजारातून परस्पर आले होते, हातात गुळाची ढेप. आईनं चहा ठेवला. चाचांनी आवाज खाली आणला.

"बेटा, सुभेदार फ्लेक्स लावतोय म्हणं."

मी छताकडं पाहिलं.

"मला बी लावायचाय. नुसता पैलवान. त्याला सांगू नगं."

"चाचा, मी एकाचं काम घेतलंय. दोन्हीकडून कसं घेऊ?"

"आगं, तू त्यातनं एक बैल कापून काढणार. मग दुसरा उरंलच की. उरल्याला काय टाकून देणार हायेस?"

वस्तुमान नष्ट होत नाही, हा नियम मी नववीपासून मानत आले आहे. मी वही उघडली.

"बरं, मजकूर काय टाकायचा?"

"त्यानं काय टाकलाय?"

"मैदानाचा खरा मानकरी! गावाची मान ज्यानं उंच केली, हाच तो!"

"बैलाचं नाव?"

"मामा म्हणाले, नाव टाकायचं नाही. हवालदाराला जो ओळखत नाही त्यानं फ्लेक्स वाचायचाच कशाला?"

चाचांच्या मिशीत काहीतरी हललं. "लय गुर्मी हाय गड्याला. माझ्या बी बैलाचं नाव नगं. तेच लिव, शब्दानं शब्द. फकस्त खाली माझा फोटू."

दिलावरचाचांकडं बटणांचा फोन, मामांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. म्हणजे काम पाहून 'हे बदल, ते बदल' म्हणणारं कोणी नव्हतं. त्या वेळी मला हे माझं भाग्य वाटलं होतं.

आता मुख्य प्रश्न. यातला हवालदार कुठला? दोघंही खिलार, दोघंही पांढरे, दोघंही गुलालानं माखलेले. बैलाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे की त्याच्या कोणत्याच टोकाला उभं राहू नये. ऋषिराजला, म्हणजे मामांच्या मुलाला, फोन केला. तो चाकणच्या कारखान्यात कामावर, फोन बाहेर कपाटात. म्हणून मामांनाच विचारलं.

"हवालदार कायम डाव्या अंगाला पळतोय," मामा म्हणाले. "आख्ख्या जिल्ह्याला ठाऊक हाय."

दुसरी कोणी असती तर तिनं फोटोतला डावीकडचा बैल धरला असता आणि मोकळी झाली असती. मी तशी नाही. डावं कोणाच्या दृष्टीनं, हे मी आधी ठरवलं. डावं म्हणजे छकड्यावर बसलेल्या ड्रायव्हरचं डावं. फोटोत बैल आपल्याकडं तोंड करून उभे आहेत, म्हणजे फोटो समोरून काढलाय. ड्रायव्हरचं डावं ते आपलं उजवं. मी कागदावर आकृती काढली, बाण दाखवले आणि उजवीकडच्या बैलाला हवालदार ठरवलं. या तर्कात आजही कोणी चूक काढून दाखवावी. मी वाट पाहते आहे.

बैल वेगळे केल्यावर जू उरलं. ते दोघांच्या मानेवर एकच होतं. मधून कापलं तर प्रत्येक बैलाच्या मानेतून अर्धं लाकूड एका बाजूला बाहेर येत होतं, उघड्या राहिलेल्या दारासारखं. मग जू पुसलं, तर मानेवर भोक पडलं. ते बुजवायला त्याच बैलाच्या खांद्यावरची कातडी उचलून मानेवर लावली. प्रयोगशाळेत असं कोणी केलं असतं तर मी त्याची तक्रार केली असती.

फ्लेक्सच्या दुकानात बाळासो नावाचे मालक स्क्रीनकडं बघून म्हणाले, "ताई, ही फाइल आमच्याकडं उघडत नाही. दुसऱ्या प्रकारात आणा." आणली. "आता उघडती, पण मागं पांढरं येतंय." मागं काहीच नव्हतं. मी बॅकग्राउंड काढून 'काहीच नाही' तयार केलं होतं आणि त्यांच्या संगणकाला 'काहीच नाही' पांढरं दिसत होतं. पांढऱ्यावर पांढरा बैल. हे मी त्यांना समजावत असताना मागं वाढदिवसाच्या फ्लेक्सवाला एक कार्यकर्ता म्हणाला, "मॅडम, एवढं टेन्शन घेऊन कुणी बैल कापतंय व्हय?" दुकानातली सगळी माणसं माझ्याकडं वळून बघू लागली.

परवानगीचं वेगळंच. ग्रामसेवक म्हणाले, चौकात आता दोनच खांब मोकळे आहेत, समोरासमोर. गावी परतल्यावर मामांनी एक घेतला. चाचांनी, मामांना न कळू देता, दुसरा. अर्जात 'फ्लेक्सचा विषय' असा रकाना होता. मामांनी त्यात 'बैल' लिहिलं. ग्रामसेवकांनी अर्ज परत केला, कारण जनावरांसंबंधीचे अर्ज पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायचे असतात. मग मामांनी 'अभिनंदन' लिहिलं. कोणाचं, हे कोणी विचारलं नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी दोन्ही गुंडाळ्या घेऊन मी आणि आई एसटीत बसलो. गुंडाळ्या आमच्यापेक्षा उंच. कंडक्टर म्हणाले, यांचं तिकीट लागंल. मी म्हणाले, हा कागद आहे. ते म्हणाले, कागद असला तर घडी घाला. घाटात एक गुंडाळी एका आजोबांच्या पटक्याला लागली आणि उरलेला सगळा रस्ता ते माझ्याकडं बघत बसले. एवढं सोसून मी दोन्ही गुंडाळ्या ज्याच्या त्याच्या माणसाकडं पोचत्या केल्या, आणि संध्याकाळी चौकात गेले. कौतुक कोणाला नको असतं?

दोन्ही फ्लेक्स गुंडाळलेलेच, दोरीनं बांधून वर गेले होते. समोर दुसऱ्या खांबापाशी दिलावरचाचा उभे, हे मामांनी पाहिलं आणि त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. दोघांनी जवळजवळ एकदमच दोऱ्या सोडल्या.

माझं काम मी पहिल्यांदाच एवढं मोठं पाहत होते. शेपटीचा गोंडा केसागणिक वेगळा दिसत होता. मानेवरची कातडी कुठून उचलली ते मलाही ओळखू येईना. मी मनातल्या मनात त्या सगळ्या एका क्लिकवाल्यांना काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

माणसं एकदा या खांबाकडं, एकदा त्या खांबाकडं बघू लागली.

नाथाजीआबा हे गावातले बैलांचे जाणते. त्यांनी काठी वर करून मामांच्या फ्लेक्सकडं दाखवलं. "आरं, ह्यो तर दिलावरचा पैलवान!"

कोणीतरी मागून ओरडलं, "आन् तिकडं दिलावरभाईनं हवालदार लावलाय!"

मामांनी काळा चष्मा काढला. आधी वर पाहिलं. वर पैलवान, खाली मामांचा हसरा चेहरा, मधे 'मैदानाचा खरा मानकरी'. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. अशा नजरेनं ते सीमेवर कोणाकडं बघत असतील तर ती माणसं घरी जाऊन बसली असतील.

"मामा, मी आकृती काढली होती," मी म्हणाले.

त्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात नाथाजीआबा पुढं आले आणि त्यांनी मामांचा हात धरला.

"सुभेदार, मानलं गड्या! भांडण असताना दुसऱ्याच्या बैलाला खरा मानकरी म्हणायचं, आन् ते बी सोताच्या फ्लेक्सवर? ह्याला काळीज लागतंय."

मागं टाळ्या वाजल्या. मामांचं तोंड उघडंच होतं. आता त्यातून काय बाहेर पडतं यावर सगळं होतं. 'चूक झाली' म्हटलं असतं, तर भर चौकात पैलवानाचा मान काढून घेतल्यासारखं झालं असतं आणि ती जोडी पुन्हा कधी जुंपली गेली नसती. समोर दिलावरचाचा स्वतःच्या फ्लेक्सखाली तशाच उघड्या तोंडानं उभे होते.

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "मग?" ते म्हणाले. "वढलं त्यानंच की. आमी सैन्यातली माणसं. खरं हाय ते खरं हाय."

चाचा रस्ता ओलांडून आले. "सुभेदार, मला वाटलं आपण एकट्यानंच हे केलंय."

"मला बी तसंच वाटलं, दिलावर."

दोघंही थापा मारत होते आणि दोघांनाही समोरचा खरं बोलतोय असं वाटत होतं, ही यातली सर्वांत संताप आणणारी गोष्ट आहे.

गर्दी पांगताना चाचा माझ्याजवळून गेले आणि पुटपुटले, "बेटा, माझं चुकून झालंय हे त्याला कळू दिऊ नगंस." घरी पोचल्यावर मामांनी मला गोठ्याच्या दाराशी थांबवलं. "माझं चुकून झालंय हे दिलावरला कळलं तर तुझं काय खरं न्हाई." म्हणजे मी चुकले हे दोघांना मान्य, मी का चुकले हे कोणालाच ऐकायचं नाही.

ते ऋषिराजनं सांगितलं. यात्रेसाठी सुट्टी काढून तो त्याच रात्री आला.

"दीदी, सेल्फी हुता की त्यो. माझ्या फोनात सेल्फी आरशागत उलटाच सेव्ह होतोय. डावं त्ये डावंच दिसतंय त्यात."

"सेल्फी? मग त्यात तू कुठं आहेस?"

"मला कापलं की. बाबा म्हणाले, बैलाच्या फोटूत तुझं थोबाड कशाला?"

मी मूळ फोटो काढून पाहिला. बैलांच्या मागं मांडवावर यात्रा कमिटीची पाटी होती, चांगली मोठी, आणि तिच्यावरची सगळी अक्षरं उलटी होती. आठवडाभर ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिला पुसायला बसले होते, वाचायला नाही. प्रकाशशास्त्रात वर्गात पहिली आलेल्या मुलीनं आरशापुढं बसून हे करावं! यावर मी जास्त बोलणार नाही. ऋषिराजला मात्र बरंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या अंगणात एकच छकडा उभा होता. हवालदार डावीकडं, ड्रायव्हरच्या. पैलवान उजवीकडं. जू मानेवर पडल्याबरोबर हवालदारानं पैलवानाच्या कानामागं चाटलं आणि दोघं मैदानाकडं निघाले. मामांनी गदा स्वतः उचलून दिलावरचाचांच्या खांद्यावर ठेवली. "सहा महिनं. वर एक दिस न्हाई." मैदानात काय झालं ते तिसऱ्या फ्लेक्सवरून तुम्हाला कळेलच, कारण दुपारी दोघंही एकदम माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"राजे," मामा म्हणाले, "आजच्या फोटूचा आता दोघांचा मिळून एकच फ्लेक्स करायचा. जोडी हाय तशी ठेव, जुवासकट. आन् मागलं बॅकग्राउंड तेवढं काढ."

"एकच काम हाय बेटा," चाचा म्हणाले. "दोन न्हाईत."

मी फोनमधला नवा फोटो पाहिला. सेल्फी नव्हता, मागच्या पाटीवरची अक्षरं मी आधी वाचली. मग त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची आठवण झाली, दोन्ही बैलांचा मिळून एक करणारं ते. आठ पाय, दोन तोंडं, मधे जू. एक बटण दाबलं की पाच सेकंदांत तयार.

"किती येळ लागंल?" मामांनी विचारलं.

"चार दिवस," मी म्हणाले. "फार अवघड काम आहे, मामा."